वाचकांचे प्रश्न: गोल्डन रिट्रीव्हर घरी आणण्याआधी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं गोल्डन रिट्रीव्हरबद्दल आहेत आणि जवळपास प्रत्येकात ‘शांत, मुलांत रमणारा कुत्रा हवाय’ हे वाक्य आहे. असा गोल्डन असतो, पण तो सहसा तीन वर्षांचा झालेला असतो. त्याआधीची दोन-अडीच वर्षं घरात वावरतं ते तीस किलोपर्यंत वाढत जाणारं, दिसेल ते तोंडात धरणारं, दमायचं नाव न घेणारं जनावर. खालची उत्तरं ही दोन-अडीच वर्षं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, लिफ्ट नाही. एवढ्या जागेत गोल्डन राहील का?

जागेत राहील. प्रश्न वेळेचा आहे. ही जात लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी स्कॉटलंडमधल्या आपल्या इस्टेटीवर घडवली. 1868 मध्ये ‘नूस’ हा पिवळा रिट्रीव्हर आणि ‘बेल’ ही ट्वीड वॉटर स्पॅनियल यांच्यापासून तिची सुरुवात झाली. काम ठरलेलं होतं: शिकाऱ्यानं पाडलेलं पाखरू पाण्यातून, दलदलीतून शोधायचं आणि दात न रुतवता आणून हातात द्यायचं. त्यामुळे गोल्डनचं तोंड सतत काहीतरी धरायला शिवशिवतं. शिवाय दिवसभर माणसाच्या पायाशी राहून काम करण्यासाठी घडवलेला हा कुत्रा एकटेपण नीट सोसत नाही.

पिल्लू लघवी किती वेळ धरू शकतं याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, तेही झोपलेलं असेल तर. जागं असताना, खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावं लागतं. म्हणजे पहिले तीन-चार आठवडे घरात कुणीतरी मोठं माणूस हवंच. मोठ्या गोल्डनलाही सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ रोज एकटं ठेवू नये. तुम्ही दोघं नऊ तास बाहेर असाल आणि दुपारी येणारं कुणी नसेल, तर आत्ता पिल्लू आणू नका. मुलं शाळेतून येतात हा त्यावरचा उपाय नाही; नऊ वर्षांच्या मुलावर कुत्र्याची जबाबदारी टाकता येत नाही.

दुपारची सोय झाली, तर पुढचा मुद्दा जिन्याचा. नॉर्वेत झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढ-उतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, जास्त दिसला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी होता. तेव्हा निदान तीन महिने पिल्लाला उचलूनच वर-खाली न्यायचं. एका हाताचा आधार छातीखाली, दुसऱ्याचा ढुंगणाखाली. या काळात त्याचं वजन दहा किलोच्या पुढे जातं आणि फेऱ्या दिवसाला आठ-दहा होतात. हे रोज कोण करणार, ते आधी ठरवा.

मोठा झाल्यावर रोज दीड ते दोन तास चालणं, पळणं, पोहणं, वस्तू आणून देण्याचा खेळ यांसाठी लागतात. तेवढं मिळालं, तर उरलेला वेळ तो दोन खोल्यांत तुमच्या पायाशी झोपून काढतो.

ब्रीडरकडे आईवडिलांचे कोणते कागद मागायचे? ‘दोघंही एकदम धडधाकट आहेत’ एवढंच सांगतात.

डोळ्यांनी पाहून धडधाकट ठरवता येत नाही, आणि गोल्डनमध्ये तर मुळीच नाही. खुबा सैल असलेला कुत्रा तरुणपणी मजेत पळत असतो. लंगडणं नंतर सुरू होतं, आणि तोवर त्याची पिल्लं दहा घरांत गेलेली असतात.

पहिला कागद खुब्याच्या एक्स-रेचा. कुत्र्याला गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून हा एक्स-रे काढतात आणि त्याला ग्रेड किंवा गुण देतात. अमेरिकेत असे एक्स-रे तपासून ग्रेड देणाऱ्या ओएफए या संस्थेच्या पद्धतीत अंतिम ग्रेड वयाची दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. त्यामुळे दीड वर्षाच्या मादीची पिल्लं दाखवून कुणी ‘हिप्स क्लिअर’ म्हणत असेल, तर तारीख तपासा. दुसरा कागद पुढच्या पायांच्या कोपरांचा. लोक खुब्याचा मागतात आणि हा विसरतात. कोपराच्या विकारानं गोल्डन पुढच्या पायानं लंगडतो, आणि तो त्रास बरेचदा वर्षाच्या आतच दिसतो.

तिसरी तपासणी हृदयाची. या जातीत महाधमनीच्या झडपेखाली जन्मजात अरुंदपणा आढळतो. काही पिल्लं त्यानं कुठलंही लक्षण न दाखवता अचानक दगावतात. म्हणून हृदयतज्ज्ञ पशुवैद्यानं तपासल्याचा कागद हवा. नेहमीच्या डॉक्टरांनी लस देताना स्टेथोस्कोप लावला होता, एवढ्यानं भागत नाही. चौथी तपासणी डोळ्यांची, आणि तिची तारीख गेल्या वर्षभरातली हवी. मोतिबिंदूखेरीज गोल्डनमध्ये पिगमेंटरी युव्हिआयटिस हा डोळ्याचा आजार होतो. तो उतारवयाकडे झुकताना दिसतो, म्हणून दोन वर्षांची असताना एकदा केलेली तपासणी पाच वर्षांच्या मादीबद्दल फारसं काही सांगत नाही.

मग डीएनए चाचण्या. दृष्टिपटल झिजून आंधळेपण आणणाऱ्या पीआरएचे प्रकार, कातडीचे खवले सुटणारा इक्थिओसिस आणि मेंदूचा एनसीएल हा आजार, यांच्या चाचण्या गोल्डनसाठी उपलब्ध आहेत. अहवालात ‘कॅरिअर’ लिहिलं असेल तर लगेच घाबरू नका. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला असा कुत्रा स्वतः आजारी पडत नाही, आणि त्याचा जोडीदार ‘क्लिअर’ असेल तर पिल्लंही आजारी निघत नाहीत. फसगत वेगळीच होते. डीएनएचा चकचकीत अहवाल दाखवून ‘सगळ्या टेस्ट झाल्यात’ असं सांगितलं जातं. खुबा, कोपर आणि हृदय यांचं उत्तर त्या अहवालात नसतं. वंशावळीच्या दाखल्याचंही तेच: आई-बाप कोण, एवढंच तो सांगतो.

कॅन्सरसाठी मात्र अशी चाचणी नाही, आणि गोल्डनमध्ये त्याचं प्रमाण फार आहे. रक्तवाहिन्यांचा हिमॅंजिओसार्कोमा आणि लसिकाग्रंथींचा लिम्फोमा हे दोन प्रकार विशेष आढळतात. कारणं शोधण्यासाठी अमेरिकेत मॉरिस ॲनिमल फाउंडेशननं 2012 मध्ये तीन हजारांहून अधिक गोल्डनचा आयुष्यभर मागोवा घेणारा अभ्यास सुरू केला. तुमच्या हातात आहे ते एवढंच: पिल्लाचे आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशानं गेले, हे विचारा. गोल्डनचं सर्वसाधारण आयुष्य दहा ते बारा वर्षांचं. ज्या ब्रीडरला आपल्या कुत्र्यांच्या मागच्या दोन पिढ्यांचं काय झालं हे सांगता येत नाही, त्याच्याकडून पिल्लू न घेतलेलं बरं.

पिल्लं बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? सगळीच गोड दिसतात.

आधी आई बघा. ती तिथे नसेल, ‘गावाला पाठवलीय’, ‘आजारी आहे’ अशी कारणं मिळाली, तर परत फिरा. अनोळखी माणूस पिल्लांजवळ गेल्यावर ती थोडी सावध होणं स्वाभाविक आहे. पण कोपऱ्यात दबून राहणारी किंवा अंगावर येणारी आई गोल्डनमध्ये खपवून घेऊ नये.

मग जमिनीवर बसा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. पिल्लं जिथे शी करतात ती जागा आणि झोपायची जागा वेगळी आहे का? पिल्लू पाठ सरळ ठेवून चालतं की ससा उडतो तसे मागचे दोन्ही पाय एकदम टाकतं? त्यानंतर एकेक पिल्लू उचला. डोळे कोरडे आणि स्वच्छ, नाकातून पाणी नको. कान वर करून वास घ्या. आंबूस वास आला, तर आत संसर्ग आहे. पोट टम्म फुगलेलं आणि बरगड्या वर आलेल्या असतील, तर जंत आहेत. बेंबीवर बोट फिरवा, मऊ फुगवटा लागला तर तो हर्निया. ओठ वर करून वरचे आणि खालचे दात जुळतात का पाहा. नर असेल, तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का, हे व्हेटला दाखवा. शेवटी केसांत उलट्या दिशेनं बोटं घाला: काळे कण दिसले, तर पिसवा आहेत.

किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर जमिनीवर टाकून पाहा. दचकून मागे सरलं तरी हरकत नाही, पण काही क्षणांत कुतूहलानं वास घ्यायला यायला हवं. उशिरापर्यंत लपूनच राहिलेलं पिल्लू लहान मुलांच्या घरासाठी घेऊ नका. सगळ्यांच्या अंगावर चढून सर्वांत आधी तुमच्याकडे धावणारं पिल्लूही पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना जड जातं. याउपर सात आठवड्यांच्या ‘स्वभाव चाचणी’वर फार भिस्त ठेवू नका, त्या वयाच्या वागण्यावरून मोठेपणीचा स्वभाव खात्रीनं सांगता येत नाही.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊ नका. भावंडांना जोरात चावलं की खेळ थांबतो, हे ते याच दिवसांत शिकतं.

क्रीम रंगाचे गोल्डन जास्त शांत आणि निरोगी असतात, असं सांगून जास्त पैसे मागतात. खरं आहे का?

नाही. फिकट क्रीमपासून गडद सोनेरीपर्यंत सगळा एकाच जातीचा पल्ला आहे आणि रंगाचा स्वभावाशी संबंध नाही. ‘दुर्मीळ पांढरा’ किंवा ‘दुर्मीळ लाल’ म्हणून जादा पैसे देऊ नका. पिल्लू मोठेपणी कुठल्या रंगाचं होईल, याचा अंदाज त्याच्या कानांच्या रंगावरून येतो.

नर घ्यावा की मादी? आणि नसबंदी सहाव्या महिन्यातच करावी का?

स्वभावात फरक असतो तो एकेका कुत्र्याचा. नर-मादीचा फरक त्यापुढे लहान आहे. आकारात मात्र तो कळतो. नर 29 ते 34 किलो, मादी 25 ते 29 किलो. पट्टा धरणाऱ्या माणसाचं वजन लक्षात घ्या.

सहाव्या महिन्याची घाई गोल्डनमध्ये करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये 759 गोल्डनच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये हिप डिस्प्लेसियाचं प्रमाण नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट निघालं. गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचे प्रकारही लवकर नसबंदी झालेल्यांत दिसले, नसबंदी न झालेल्यांत एकही नाही. हाडांची वाढ थांबवणाऱ्या संप्रेरकांचा पुरवठा आधीच तुटतो, हे त्यामागचं कारण मानतात. म्हणून नराच्या बाबतीत वर्ष उलटू द्या. मादीचा निर्णय जास्त गुंतागुंतीचा आहे. तो व्हेटशी बोलूनच घ्या. नसबंदी न केलेल्या मादीत माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिणं, मलूल होणं, योनीतून स्राव अशी लक्षणं दिसली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आमचं गोल्डनचं पिल्लू चार महिन्यांचं आहे. मुलांच्या हातांना, बाह्यांना चावतं, संध्याकाळी तर वेड लागल्यासारखं करतं. आक्रमक तर निघणार नाही ना?

या वयाला दुधाचे दात पडून पक्के येतात आणि हिरड्या शिवशिवतात. त्यात मूळची तोंड चालवायची सवय. यात आक्रमकपणा नाही, पण असंच सोडूनही चालणार नाही, कारण आठव्या महिन्यात हाच जबडा मोठ्या कुत्र्याचा झालेला असतो.

संध्याकाळच्या धिंगाण्याचं कारण बरेचदा अपुरी झोप असतं. या वयाला दिवसाचे अठरा तास झोप लागते, आणि मुलं घरी आली की ती मोडते. तासभर जागं राहिलं की त्याला क्रेटमध्ये, म्हणजे झोपायच्या पिंजऱ्यात, किंवा जाळीमागच्या शांत जागेत दीड-दोन तास झोपू द्या. आठवडाभर हे नेमानं करा. संध्याकाळ बरीच निवळते.

चावलं की हात झटकून मागे ओढू नका. पळणारी वस्तू पकडायला ते आणखी झेपावतं. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून जाळीपलीकडे जा, अर्ध्या मिनिटानं परत या. मुलांना एकच गोष्ट शिकवा: झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात छातीशी. पळणं-किंचाळणं म्हणजे पिल्लाला खेळाचं आमंत्रण.

तोंडात मोजा, रिमोट, चप्पल असेल तर ओढून काढू नका. नाकाजवळ खाऊ धरा, वस्तू सुटली की ‘सोड’ म्हणून खाऊ द्या, आणि शक्य असेल तेव्हा ती वस्तूच परत द्या. दर वेळी हिसकावून घेतलेला गोल्डन वस्तू घेऊन पलंगाखाली जायला आणि तिथून गुरगुरायला शिकतो. घरगुती चाव्यांमागे बरेचदा हीच हिसकाहिसकी असते. गुरगुरल्याबद्दल शिक्षा कधीच करू नका. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावेल. त्याआधीचे इशारे ओळखा: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, अंग एकदम ताठ होणं. मूल गळ्यात पडलेलं असताना यांतलं काहीही दिसलं, तर मुलाला बाजूला घ्या. पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा, मग तो कितीही गुणी असो, एकटे एका खोलीत ठेवू नयेत.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढू नका, असं सांगतात. तोपर्यंत चार महिने होतील. तसंच करावं का?

जमिनीवर नको, पण बाहेर जरूर काढा. नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचा काळ तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो, आणि लसीचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास येतो. नुसती वाट पाहिली तर हा काळ हातचा जातो. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला खाली ठेवू नका. कडेवर घेऊन रहदारी, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं, लहान मुलांचा गोंगाट हे सगळं दाखवा. लस झालेल्या, ओळखीच्या कुत्र्यांशी घरात भेट घडवा.

हाडं मजबूत व्हावीत म्हणून पिल्लाला कॅल्शियमचं औषध द्यायला एका ओळखीच्यांनी सांगितलंय. किती द्यावं?

देऊ नका. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्यांना जादा कॅल्शियम नाकारता येत नाही; दिलं तेवढं शरीरात जातं आणि झपाट्यानं वाढणाऱ्या हाडांची, सांध्यांची घडण बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य देत असाल, तर त्यात कॅल्शियम मोजूनच घातलेलं असतं. घरी शिजवून घालायचं असेल, तर पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून प्रमाण लिहून घ्या.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोनदा. खाद्य वाटीनं न मोजता ग्रॅमच्या काट्यावर मोजा आणि शिकवताना दिलेला खाऊ त्यातून वजा करा. गोल्डन भूक नसतानाही मागतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरून काही ठरवू नका. बरगड्यांवर हात फिरवा. पालथ्या पंजाची हाडं जशी हाताला लागतात, तशा त्या लागायला हव्यात, आणि वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसायला हवी. कुत्रा असा सडपातळ ठेवण्यामागे पुरावा आहे. 48 लॅब्रेडॉरवर आयुष्यभर चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडी लावलेल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाद्य मिळालेले कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.

द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेल्या साखरविरहित गोळ्या कुत्र्याला विषारी असतात; त्याच्या तोंडाशी येतील अशा ठेवू नका.

उन्हाळ्यात केस पूर्ण कापून टाकले तर त्याला बरं वाटेल ना? घरभर केसही होतात.

मशीन लावू नका. गोल्डनला केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो; तो कापला तर कातडी भाजते, आणि केस परत येतात तेही बरेचदा विरळ, लोकरीसारखे. उकाडा वाढवतो तो आतला सुटलेला, न काढलेला थर. आठवड्यातून तीनदा अंडरकोट रेकनं, म्हणजे आतले सुटे केस ओढून काढणाऱ्या फणीनं, तो काढा, मग लोखंडी कंगवा मुळापर्यंत घाला. कंगवा अडतो तो कानामागे, काखेत, मागच्या पायांच्या झालरीत आणि शेपटीखाली; गुंते तिथेच होतात. तळपायाच्या गाद्यांमधले केस मात्र जरूर कापा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. वर्षातून दोनदा केसांचा पूर येतो, तेव्हा रोज विंचरावं लागतं. केसांचा कायमचा बंदोबस्त होत नाही, आणि ज्या घराला ते चालणार नाही त्या घरानं ही जात घेऊ नये.

आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर आतला थर कोरडा करणं फार महत्त्वाचं. ओल अडकली की एका रात्रीत कातडीवर लाल, चिकट, केस गळालेला चट्टा उठतो आणि कुत्रा तो चाटून वाढवतो. कान लोंबते असल्यामुळे त्यांचंही तेच. कानात क्लीनर घाला, मुळाशी चोळा, त्याला मान झटकू द्या आणि दिसेल तेवढंच कापसानं टिपा. काडी आत घालू नका.

उन्हाळ्यात फिरणं पहाटे आणि उशिरा संध्याकाळी. रस्त्यावर पालथा हात सात सेकंद टेकवता आला नाही, तर त्याचे पायही भाजतील. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली, चाल डळमळली तर तो उष्माघात आहे. जागेवरच अंगभर पाणी ओता, वारा घाला, आणि गार करत करत दवाखान्यात न्या.

घरात एकाला कुत्र्याची ॲलर्जी आहे. रोज विंचरलं तर चालेल का?

ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची, केसांची नव्हे. विंचरल्यानं थोडा फरक पडेल, पण गोल्डन आणण्याआधी त्या व्यक्तीला कुत्रा असलेल्या घरात वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन तास बसवून पाहा आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारा. दमा असेल तर हा प्रयोगही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास आहोत. गोल्डन फार आवडतो, पण पिल्लू झेपेल का?

पिल्लू नको, मोठा गोल्डन बघा. पाच-सहा वर्षांचे गोल्डन पुनर्वसन करणाऱ्या संस्थांकडे येतात: घर बदललं, मूल झालं, मालक वारले अशा कारणांनी. त्यांचा स्वभाव समोर दिसतो, घाण कुठे करायची हे बहुतेकांना कळतं, आणि दिवसाला तास-दीड तासाचं संथ चालणं त्यांना पुरतं.

घेण्याआधी दोन-तीनदा स्वतः पट्टा धरून फिरवा. ओढत असेल तर छातीवर कडी असलेला हार्नेस लावून पाहा. तरीही तोल जात असेल, तर तो कुत्रा तुमच्यासाठी नाही. खुबे, दात, थायरॉइड आणि हृदय तपासून घ्या. घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पाहुण्यांना बोलावू नका, फिरायचा रस्ता आणि जेवणाची वेळ तीच ठेवा.

महिन्यातून एकदा अंगभर बोटं फिरवून गाठी शोधा: जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे. नवी गाठ लागली तर ‘चरबीची असेल’ म्हणून थांबू नका, सुई घालून तपासून घ्या. आणि एखाद्या दिवशी तो अचानक गळून पडला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, पोट फुगलं, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. तासाभरात तो थोडा सावरल्यासारखा वाटला, तरी दवाखान्यात न्यायला सकाळची वाट पाहू नका. तुमच्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला आहे आणि तीस किलोचा कुत्रा गाडीत उचलून ठेवायला कोण येईल, हे तो घरी येण्याआधीच ठरवून फोन नंबरांसह लिहून ठेवा.